इतर हक्कातली तिसरी ओळ

नोव्हेंबर २०२३ ते मार्च २०२४ या पाच महिन्यांत मी मुंबई-पुण्याच्या लॉ फर्म्सना इंटर्नशिपसाठी ४८ अर्ज पाठवले. पहिल्या ४१ अर्जांना मिळून तीन उत्तरं आली, तिन्ही नकाराची. शेवटच्या सातांपैकी दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. मधल्या काळात माझे मार्क वाढले नव्हते, कॉलेज तेच होतं आणि त्या फर्म्समध्ये ओळख कुणाचीच नव्हती. बदलला होता तो अर्ज. तो कसा बदलला आणि पुढं काय झालं ते सविस्तर लिहिते आहे. आमच्याकडच्या मुलामुलींचे फोन येतात, पण फोनवर हे सगळं सांगून होत नाही.

मी साताऱ्याच्या इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेजात तीन वर्षांच्या एलएलबीला होते. गाव कोरेगाव तालुक्यात. आण्णा एसटीत कंडक्टर, आई घर आणि रान बघते. बार काउन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे इंटर्नशिप लागते, पाच वर्षांच्या कोर्सला २०. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाही, आणि सगळ्या शिक्षणात एकदा तरी खालच्या कोर्टातल्या आणि अपिलाच्या कोर्टातल्या वकिलांकडं काम केलेलं असावं लागतं. नियम चांगला आहे. पण बऱ्याच जणांची इंटर्नशिप ओळखीच्या वकिलाच्या लेटरहेडवरच पार पडते. मलाही एका ठिकाणाहून साडेतीन हजार रुपयांत घरबसल्या सर्टिफिकेट मिळणार होतं. पैसे मागायला आण्णांकडं गेले, तर त्यांनी एवढंच विचारलं, "आणि काम काय करायचं?" मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी पोवई नाक्याजवळच्या एका दिवाणी वकिलांच्या ऑफिसात जाऊन उभी राहिले.

सरांनी ठेवून घेतलं. मे २०२३ चा महिना पूर्ण आणि पुढं कॉलेज सांभाळून आठवड्यातले तीन दिवस. सकाळी बोर्ड बघायचा, कुठली केस कितव्या नंबरला आहे ते लिहून घ्यायचं, पुकारा झाला की सरांना हाक मारायला धावायचं. निशाणी ५ म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज, पुरसीस म्हणजे पक्षकारानं कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन, रोजनाम्यात आज काय झालं ते लिहिलेलं असतं, हे शब्द तिथं कळले. वर्गात दिवाणी प्रक्रिया संहिता शिकताना ऑर्डर ३९ चे नियम पाठ होते, पण साताऱ्याच्या कोर्टात त्या अर्जाला सगळे निशाणी ५ म्हणतात हे पहिल्याच दिवशी समजलं.

पण सातबारा वाचायला मला सरांनी नाही, त्यांच्या कारकुनांनी शिकवलं. त्यांना सगळे तात्या म्हणायचे. साठीच्या पुढचे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी पहिल्या आठवड्यात माझ्यापुढं एक जुना, हातानं लिहिलेला सातबारा ठेवला आणि म्हणाले, "वाच." मी मालकाचं नाव वाचलं, क्षेत्र वाचलं, पीक वाचलं आणि थांबले. तात्यांनी कागदावर बोट ठेवलं. भोगवटादाराच्या रकान्यात दोन नावं कंसात होती आणि शेजारी गोल केलेले आकडे होते. "कंसात गेलं म्हणजे माणूस कागदावरनं गेला. हा गोलातला आकडा म्हणजे तो कुठल्या फेरफारानं, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीनं, गेला त्याचा नंबर. तो फेरफार हातात घेतल्याबिगर पुढं जायचं नाही. आणि उजवीकडं जे इतर हक्क लिहिलेत ना, तिथं लोक बघत नाहीत. खरी गोष्ट तिथं असते."

त्या उजव्या रकान्यानं मला पुढचं सगळं दिलं. विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा तिथं असतो. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी जमीन राखून ठेवल्याचा शेरा तिथं असतो; आमच्या जिल्ह्यात कोयना, धोम, कण्हेर अशी धरणं असल्यामुळं हा शेरा वरचेवर भेटतो. कुळानं विकत घेतलेल्या जमिनीवर 'कु. का. कलम ४३ ला पात्र' असं लिहिलेलं असतं. १९४८ च्या कूळ कायद्यानं मिळालेली अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नव्हती. २०१४ च्या दुरुस्तीनंतर कुळाच्या खरेदीला दहा वर्षं झाली असतील आणि आकारणीच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, ४० पट नजराणा सरकारला भरला असेल तर परवानगी लागत नाही. कुळाची खरेदी झाली का, हे ३२-म च्या प्रमाणपत्रावरून कळतं. एका ओळीच्या शेऱ्यामागं एवढा कायदा असतो. आणि हे सगळं करून सातबारा हा मालकीचा पुरावा नाहीच. तो महसुलासाठीचा अभिलेख आहे. विरुद्ध काही सिद्ध होईपर्यंत तो खरा धरतात, इतकंच.

त्या दिवाळीत मी घरी गेले आणि सहज आईच्या माहेरचा सातबारा ऑनलाइन काढला. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. आजोबा १९८७ साली गेले. भोगवटादार म्हणून दोन्ही मामांची नावं होती. आई आणि मावशी तिथं नव्हत्या. मग इतर हक्क बघितले. पहिल्या दोन ओळी सोसायटीच्या कर्जाच्या होत्या. तिसऱ्या ओळीत 'वारस बहीण' म्हणून दोघींची नावं होती.

आईला दाखवलं. तिनं बराच वेळ मोबाइल डोळ्यांजवळ धरून बघितलं. "तलाठ्यानं तेव्हा अंगठा-सही घेतली होती," ती म्हणाली. "काय लिहिलंय ते कुणी वाचून दाखवलं नाही. मला वाटलं, नाव काढून टाकलं." मी म्हटलं, काढलं नाही, इकडं बाजूला लिहिलंय. ती म्हणाली, "मला भावांकडनं काही घ्यायचं नाही. पण नाव आहे ना?" आहे, म्हटलं.

एवढं सगळं माझ्या हाताखालून जात होतं, आणि त्याच महिन्यात मी जे अर्ज पाठवत होते त्यात यातलं एक अक्षरही नव्हतं. माझा बायोडेटा चार पानांचा होता. त्यात फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, दहावीचे टक्के, वक्तृत्व स्पर्धेचं बक्षीस आणि 'कॉर्पोरेट कायद्यात विशेष रुची' असं वाक्य. सरांच्या ऑफिसातल्या कामाबद्दल एकच ओळ होती, 'दिवाणी न्यायालयाच्या कामकाजाचे निरीक्षण केले'. मला मनापासून वाटायचं की मुंबईच्या फर्मला साताऱ्याच्या ऑफिसातल्या कामाशी काय देणंघेणं असणार. मोठ्या शहरातल्या मुलांच्या अर्जात जे असतं तेच आपल्यात दिसलं पाहिजे, म्हणून मी इंटरनेटवरचे नमुने बघून त्यांची भाषा उचलत होते. एका अर्जात तर दुसऱ्याच फर्मचं नाव तसंच राहून गेलं. ते पाठवल्यावर लक्षात आलं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

फेब्रुवारीत कराडच्या एका ताईशी बोलणं झालं. आमच्याच कॉलेजातून तीन वर्षं आधी बाहेर पडलेली, मुंबईत फोर्टातल्या एका ऑफिसात काम करते. तिनं माझा अर्ज वाचून फोन केला. "तू साताऱ्यात वर्षभर केलंस काय ते यात कुठं आहे?" मी तात्यांबद्दल, फेरफारांबद्दल सांगायला लागले. तिनं मध्येच थांबवलं. "हे लिही. रिअल इस्टेटच्या टीममध्ये मराठी महसुली कागद वाचू शकणारा इंटर्न मिळत नाही म्हणून लोक रडतात. आणि तू ते लपवून ठेवलंयस."

पुढचे दहा दिवस मी एकच पान लिहीत होते. निरीक्षणाची ओळ काढली. तिथं लिहिलं की १९५० नंतरच्या फेरफारांसह २२ सातबारे वाचून जमिनीची मालकी तपासणाऱ्या तीन शोध अहवालांचे तक्ते तयार केले, दुय्यम निबंधक कार्यालयात आणि नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स २ चा, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या गोषवाऱ्याचा, शोध घेतला, निशाणी ५ च्या चार अर्जांचे कच्चे मसुदे केले, त्यांपैकी दोन सरांनी किरकोळ दुरुस्त्या करून दाखल केले. हे आकडे मी डायरीतून काढले. इंटर्नशिपची डायरी ठेवावीच लागते, पण बहुतेक जण ती शेवटच्या दिवशी एकदम भरतात. मी रोज लिहीत होते म्हणून आकडे खरे होते आणि पुढं कुणी विचारलं तर प्रत्येकाबद्दल बोलता आलं. नमुना लेखन म्हणून दोन पानांची टिपणी जोडली, 'इतर हक्कात नोंदलेल्या बहिणींच्या हिश्श्याचा खरेदीदारावर होणारा परिणाम'. ती लिहिताना समोर आईच्याच माहेरचा सातबारा होता; नावं आणि गट नंबर अर्थातच काढून टाकले.

ताईनं आणखी दोन गोष्टी सांगितल्या, त्या खूप उपयोगी पडल्या. एक म्हणजे, मोठ्या फर्म्समध्ये मे-जून आणि डिसेंबरच्या जागा सहा-सहा महिने आधी भरतात, कारण राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या सुट्ट्या तेव्हा असतात. मधल्या महिन्यांसाठी अर्ज करावा, नाहीतर मध्यम आकाराच्या फर्म्सकडं जावं. दुसरी, ईमेलच्या विषयातच वर्ष, महिना आणि कुठल्या टीमसाठी ते लिहावं, आणि दहा दिवसांनी एकदा, फक्त एकदाच, नम्रपणे आठवण करावी. मला बोलावणं आलं ते या आठवणीच्या ईमेलनंतर.

मुलाखत ऑनलाइन होती. आधी त्यांनी एक सातबारा आणि त्याचे नऊ फेरफार पाठवले आणि एका तासात एक पान लिहून मागितलं. जमीन विकणारे दोन भाऊ. मी उजवा रकाना आधी बघितला. तिथं 'वारस बहीण' होतं. तात्यांचा आवाज कानात होता, म्हणून बहिणींची नोंद ज्या फेरफारानं झाली तो काढला, मग दोघा भावांच्या नावे जमीन वेगळी झाली तो १९८९ चा फेरफार काढला. त्यात 'तोंडी वाटपाप्रमाणे' असं लिहिलेलं होतं आणि बहिणींचा उल्लेखच नव्हता. मी लिहिलं की बहिणींचा नोंदणीकृत हक्कसोड नाही, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क आहे असं सांगणाऱ्या विनीता शर्मा खटल्यातल्या २०२० च्या निकालानंतर त्यांच्या हिश्श्याचा प्रश्न उभा आहे, त्यांना खरेदीखतात सामील केल्याशिवाय पुढं जाऊ नये.

पार्टनर मॅडमनी ते वाचून विचारलं, २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या वाटपांना हिंदू वारसा कायद्यातली २००५ ची दुरुस्ती हात लावत नाही, आणि हे वाटप तर १९८९ चं आहे. मग तुझा मुद्दा कसा टिकतो? माझ्या पोटात गोळा आला. मला एवढंच आठवत होतं की वाटप नोंदणीकृत दस्तानं किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यानं झालेलं असावं लागतं. तोंडी वाटपाबद्दल निकालात काय म्हटलंय ते नीट आठवत नव्हतं. मी तसंच सांगितलं. निकाल पुन्हा वाचून संध्याकाळपर्यंत लिहून पाठवू का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, पाठव.

सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. महागड्या डेटाबेसची वर्गणी ज्यांच्याकडं नाही त्यांनी हे लक्षात ठेवावं. मी जेवण न करता निकालाचा शेवटचा भाग तीनदा वाचला. तोंडी वाटपाचा बचाव सहजासहजी मानायचा नाही. फक्त अपवादात्मक परिस्थितीत, सार्वजनिक कागदपत्रांचा आधार असेल आणि वाटप हुकूमनाम्यानं झाल्यासारखंच शेवटी सिद्ध होत असेल, तरच तो मानता येईल, असं त्यात आहे. मी अर्धं पान लिहिलं. शेवटी हेही लिहिलं की १९८९ चा फेरफार हा सार्वजनिक कागद म्हणून विक्रेते पुढं करतील, त्यामुळं निकाल दोन्ही बाजूंनी लागू शकतो आणि खरेदीदारासाठी सुरक्षित मार्ग बहिणींच्या सह्यांचाच आहे. पावणेसातला ईमेल गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी होकार आला.

जून २०२४ मध्ये चार आठवडे मुंबईत काढले. रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस, सकाळी सीएसएमटी, तिथून चालत ऑफिस. राहायला परळला एका खोलीत चौघी. खाटेचे महिन्याला नऊ हजार. फर्मनं दहा हजार स्टायपेंड दिला म्हणून जमलं. अनेक ठिकाणी तोही मिळत नाही, आणि साताऱ्याहून, जतहून, पाटणहून येणारी मुलं तिथंच मागं फिरतात. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही.

काम एका सौर प्रकल्पाच्या जमिनींचं होतं. पक्षकाराचं नाव आणि गाव सांगता येणार नाही. ६० च्या वर गट होते आणि जवळजवळ सगळे कागद मराठीत. इंग्रजी माझं कच्चं होतं. ऐकून समजायचं, लिहायला वेळ लागायचा. पहिल्या आठवड्यात असोसिएटनं माझी टिपणी लाल करून परत दिली. मी आधी वीस ओळी पार्श्वभूमी लिहायचे, निष्कर्ष शेवटी. त्यांनी सांगितलं की पक्षकार पहिली ओळ वाचतो, त्यामुळं धोका पहिल्या ओळीत आला पाहिजे. मग मी प्रत्येक गटासाठी आधी 'विकत घ्यावी, घेऊ नये किंवा अमुक केल्यावर घ्यावी' असं लिहायला लागले. तिसऱ्या आठवड्यात एका गटावर कलम ४३ चा शेरा तक्त्यातून सुटला होता, तो मी दाखवला. त्या संध्याकाळी मॅडम माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे कुठं शिकलीस?" मी तात्यांचं सांगितलं. त्यांनी तात्यांचा अनुभव किती वर्षांचा ते विचारलं. मला माहीत नव्हतं. नंतर फोन करून विचारलं, तर तात्या म्हणाले, "४१. का गं?"

त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी पुन्हा बोलावलं. याला असेसमेंट इंटर्नशिप म्हणतात. या वेळी काम बघून नोकरी द्यायची की नाही ते ठरवतात. ते चार आठवडे पहिल्यापेक्षा शांत गेले. एप्रिलमध्ये ट्रेनी म्हणून पत्र आलं.

पत्र आल्यावरही बरंच काही बाकी असतं. वकिलीच्या सनदेसाठी अर्ज. नोंदणीची फी सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०२४ च्या निकालामुळं खुल्या वर्गाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. याआधी हजारोंनी जायची. मग अखिल भारतीय बार परीक्षा, १०० प्रश्न, खुल्या वर्गाला पास व्हायला ४५ टक्के. एक गोष्ट मला फार लागते. सनदेआधी एक वर्ष वकिलाकडं शिकण्याची सक्ती बार काउन्सिलनं १९९५ साली आणली होती आणि १९९९ साली व्ही. सुदीर खटल्यात ती रद्द झाली. कायद्यानं ते बरोबर असेलही. पण त्यामुळं नव्या वकिलाला शिकवणं आणि त्याला जगता येईल इतके पैसे देणं हे सगळं सिनिअरच्या मर्जीवर राहिलं. बार काउन्सिलनं ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरना शहरात किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत अशी शिफारस केली. शिफारसच ती. माझ्या बरोबरीच्या ज्या मुली साताऱ्यात ज्युनिअर म्हणून उभ्या आहेत त्यांच्यापैकी कुणालाही एवढे मिळत नाहीत, आणि काम त्या माझ्याइतकंच करतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचं काम आता तिथं चालतं. उच्च न्यायालयातल्या वकिलाकडं काम करायचं म्हणजे मुंबईत खोली शोधायची, ही अट आमच्याकडच्या मुलांसाठी त्या दिवशी संपली. सांगलीहून सकाळच्या एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

गेल्या आठवड्यात कॉलेजातल्या एका मुलीनं तिचा अर्ज वाचायला पाठवला. दुसऱ्या वर्षाला आहे, घर आमच्याच जिल्ह्यातल्या खंडाळ्याकडं. तिनं लिहिलं होतं, 'मोटार अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणातील कामकाजाचे निरीक्षण केले.' मी फोन लावला आणि विचारलं, काय बघितलंस? ती आधी गप्प झाली, मग बोलायला लागली. खंबाटकी घाटातला ट्रकचा अपघात, ड्रायव्हरचा परवाना संपून चार महिने झालेले, विमा कंपनीनं हात वर केलेले, आणि मयताच्या पगाराचा पुरावा म्हणून तिनं स्वतः पतसंस्थेतून आणलेलं पासबुक. वीस मिनिटं बोलली. मी म्हटलं, ते पासबुक लिही. कुठल्या मुद्द्यासाठी लागलं आणि कोर्टानं ते कशासाठी धरलं, तेवढ्या दोनच ओळी. ती म्हणाली, रोजनामा पुन्हा बघून येते, उद्या तारीख आहे.